पडद्यावरची सीमारेषा

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की दुकानाची पाटी, शाळेतील वर्ग, जमिनीचा उतारा आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात चाललेला दावा एवढेच आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते स्वाभाविकही आहे. मात्र आता वीजबिल, बँक, रेल्वेचे तिकीट आणि दवाखान्याची वेळ हे सारे फोनच्या पडद्यावर आले आहे. त्या पडद्यावर कोणती भाषा दिसावी, हे कोणत्याही विधिमंडळात ठरत नाही. ते ठरवतो प्रॉडक्ट डिझायनर. या माणसाशी आम्ही आजवर बोललोच नाही, ही आमची चूक आहे.

हा डिझायनर बहुधा मराठीचा द्वेष्टा नसतो. तो फक्त एक सोयीचे गृहीतक धरतो, की माणसाचा पत्ता कळला म्हणजे त्याची भाषा कळली. बेळगाव म्हणजे कन्नड, बडोदे म्हणजे गुजराती, हैदराबाद म्हणजे तेलुगू, इंदूर आणि ग्वाल्हेर म्हणजे हिंदी. एटीएमसमोर याचा अनुभव सर्वांनीच घेतला असेल. यंत्र ज्या राज्यात उभे, त्या राज्याची भाषा, हिंदी आणि इंग्रजी. पुढे काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या या शहरांत नांदणारा मराठी माणूस त्या आराखड्यात कोठेच नसतो. राज्यपुनर्रचनेने 1956 साली नकाशावर आखलेली रेषा अशा रीतीने कोणाच्याही आदेशाविना आमच्या तळहातावर उमटते.

कागदाच्या काळात या संकोचाला निदान एक कारण होते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांनुसार, ज्या तालुक्यात वा नगरपालिका क्षेत्रात त्यांचे प्रमाण 15 टक्के वा अधिक असेल, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, असे ठरले. भाषांतर, छपाई आणि वाटप यांना खर्च येतो, म्हणून अशी मर्यादा समजण्यासारखी होती. पडद्याला ती लागू पडत नाही. मुंबईच्या ग्राहकासाठी मराठी मजकूर एकदा तयार झाला, की तोच निपाणीच्या किंवा बिदरच्या ग्राहकाला दाखवण्यास वेगळी छपाई लागत नाही. 2022 साली आलेल्या अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीपासून तर प्रत्येक ॲपची भाषा स्वतंत्रपणे निवडण्याची सोय आहे. अडचण तंत्राची उरलेली नाही; ती गृहीतकाची आहे.

आणि ही गृहीतके डिझायनरांनीच मोडून काढल्याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. र. कृ. जोशी हे जाहिरातक्षेत्रात काम करून पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकवू लागले. सुलेखन आणि कविता हे त्यांचे आयुष्यभराचे वेड. संगणकावर आपण वर्षानुवर्षे पाहत आलो ते ‘मंगल’ हे देवनागरी अक्षररूप त्यांचे. कन्नडचे ‘तुंगा’, गुजरातीचे ‘श्रुती’ आणि तेलुगूचे ‘गौतमी’ हेही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडले. अलीकडच्या काळात मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘बालू’ हे अक्षरकुटुंब देवनागरी, कन्नड, गुजराती, तेलुगू अशा अनेक लिप्यांत रेखाटून सर्वांसाठी खुले केले. बेळगावच्या एखाद्या फलकावर कन्नड आणि मराठी समान वजनाने, एकाच घराण्यातल्या भावंडांसारख्या शेजारी बसू शकतात, हे या मंडळींनी कोणताही मोर्चा न काढता दाखवून दिले. कन्नडशी आमचे वैर नाही, हे आम्ही नेहमी सांगतो. त्याचा पुरावा अक्षरांत आहे.

मात्र देवनागरी दिसली म्हणजे मराठी आली, असे मानण्याची घाई नको. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक ज्या कळफलकाला कळत नाही, तो गुरूला स्वयंपाकी करून ठेवतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 साली. त्याआधी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहावे लागे आणि कित्येक संगणकांवर मध्येच एक ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ही अनेक ठिकाणी अद्याप हिंदी वळणानेच दिसतात. हिंदीसाठी केलेल्या आराखड्यात शब्द बदलून मराठी भरली, की भाषा अशी लंगडत चालते.

म्हणून आमचे मागणे नेमके आहे. भाषेचा प्रश्न पत्त्याच्या आधी आणि पत्त्यापासून वेगळा विचारावा. उपलब्ध असलेल्या सर्व भाषा सर्व राज्यांत निवडता याव्यात. मराठी मजकूर मराठी माणसाकडून तपासून घ्यावा. आणि वापरकर्त्यांच्या मुलाखती घेताना केवळ पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला न बोलावता खानापूरच्या शेतकऱ्यालाही बोलवावे, हैदराबादच्या निवृत्त शिक्षिकेलाही बोलवावे. परिषदांच्या व्यासपीठावरून ‘वापरकर्ता केंद्रस्थानी’ असे म्हणणाऱ्यांना हे जड वाटू नये.

काही मागणे आमचे आम्हांलाही आहे. मराठीचा पर्याय दिसत असूनही सवयीने इंग्रजी निवडणारे आपल्यात थोडे नाहीत. पर्याय कोणी वापरत नाही असे दिसले, की तो काढून टाकण्याचा मोह होतो. मग तक्रार कोणत्या तोंडाने करायची? शिवाय सीमाभागातील आणि बडोदे-इंदूरकडील कितीतरी मराठी मुलेमुली आज याच व्यवसायात आहेत. नोकरीबाहेरच्या वेळेत ती हौसेने लहानमोठी कामे करतात, भाषणे देतात. त्यांतली एखादी रविवारची दुपार त्यांनी आपल्या भाषेला द्यावी. आपल्या गावच्या वाचनालयाचा सूची-पडदा करावा, एखाद्या ॲपमधील चुकीच्या मराठीची यादी करून संबंधितांना पाठवावी, पुढच्या भाषणात बेळगावच्या एटीएमचे उदाहरण द्यावे.

न्यायालयाचा निकाल कधी लागेल, हे आमच्या हाती नाही. भाषेची निवड पत्त्याच्या रकान्यातून बाहेर काढणे मात्र एखाद्या डिझायनरचे एका दिवसाचे काम असू शकते. ते त्याला कोणीतरी सांगायला हवे. या आठवड्यापासून आपण ते सांगू लागू.