संविधानाचा मुदतबंद अध्यापक

अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठात सांविधानिक लोकशाहीच्या अभ्यासाची एक संस्था आहे. किंडर प्रतिष्ठानाने २०१५ साली दिलेल्या अडीच कोटी डॉलरच्या देणगीतून ती उभी राहिली; देणगीदारांची संपत्ती तेल-वायूच्या नळमार्गांतली. पीएच.डी. झालेल्या तरुणांना तेथे अध्यापन-संशोधनाची पदे मिळतात, पण ती मुदतीची. देणगीदार वर्गात डोकावतो असा आरोप कोणी करू नये; मुदत संपत आली की अध्यापक आपोआपच जपून बोलू लागतो.

आणि मिसूरीत शिकवायचे काय? याच राज्यातील सेंट लुई येथे १८४६ साली ड्रेड व हॅरिएट स्कॉट या गुलाम दांपत्याने मुक्ततेसाठी दावे लावले. १८५७ साली सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले आणि गुलामांवरील मालकी ही संविधानाने राखलेली मालमत्ता ठरविली. मालमत्तेपुढे संविधान कसे वाकविले जाते, हा धडा मालमत्तेच्याच दानावर जगणाऱ्याने निर्धास्तपणे कसा द्यावा? अमेरिकी प्राध्यापकांच्या संघटनेने १९४० च्या निवेदनात नोकरीच्या कायमपणाची सांगड विचारस्वातंत्र्याशी घातली, ती उगाच नव्हे. विद्यापीठ सार्वजनिक आहे. संविधानाचे अध्यापकही सार्वजनिक निधीतून, कायम पदांवर नेमले गेले पाहिजेत.