नव्या खेळाडूंविषयीं आशा कशी बाळगावी?

इंग्लंडांत उन्हाळा लागला आणि फुटबॉलचे सामने थांबले म्हणजे क्लबांच्या शौकिनांची निराळीच धांदल सुरू होते. कोण विकत घेतला, कोण उसना आणला, त्यास काय मोल पडलें, हीच चर्चा जिकडेतिकडे चालते. ज्यानें क्लबाचा सदरा अद्याप अंगांत घातलेला नाहीं, त्याचे गोल लोक मनांत मोजूं लागतात. ही आशा आम्हांस दोषास्पद वाटत नाहीं. मात्र ती कशी बाळगावी हें शिकावें लागतें, आणि तो धडा केवळ फुटबॉलपुरता नाहीं.

लिव्हरपूल शहरांतील एव्हर्टन क्लबाचें उदाहरण घेऊं. १८७८ सालीं सेंट डोमिंगो या मेथॉडिस्ट मंदिराच्या मंडळींनीं तो स्थापिला. पुढच्याच वर्षीं त्यास एव्हर्टन हें नांव मिळालें. १९८७ पर्यंत त्यानें नऊ वेळां लीगचें अजिंक्यपद मिळविलें. परंतु १९९५ सालीं एफ. ए. कप जिंकल्यानंतर २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत एकहि मोठें पारितोषिक त्याच्या वांट्यास आलें नव्हतें. त्या उन्हाळ्यांत, १८९२ पासूनचें गुडिसन पार्क मैदान सोडून क्लबाचा पुरुषसंघ मर्सी नदीकांठच्या नव्या क्रीडांगणावर गेला. आणि त्याबरोबर नवे खेळाडूहि आले. तीस वर्षांच्या उपवासानंतर शौकिनांची आशा केवढी असेल, हें सांगणें नलगे.

मँचेस्टर सिटीकडून जॅक ग्रीलिश उसना आला. २०२१ सालीं याच खेळाडूसाठीं त्या क्लबानें दहा कोटी पौंड मोजले होते. २४ ऑगस्ट २०२५ रोजीं नव्या मैदानावरील लीगच्या पहिल्या सामन्यांत एव्हर्टननें ब्रायटनवर दोन गोल केले, आणि दोन्ही गोलांचा चेंडू त्यानेंच पुरविला. उलट, बावीस वर्षांचा तिएर्नो बारी स्पेनमधील व्हियारेआल क्लबाकडून आला. गोल करणें हेंच त्याचें काम. पण पहिला गोल होण्यास डिसेंबर उजाडला. एकास तो देश, ती भाषा, ती लीग जन्माची परिचित. दुसऱ्यास सारेंच नवें. दोघांस एकाच मापानें मोजणें हा न्याय नव्हे.

किंमतीवरूनहि फारसें कळत नाहीं. १९२५ सालीं अवघ्या तीन हजार पौंडांस घेतलेल्या डिक्सी डीननें १९२७–२८ च्या एका हंगामांत लीगमध्यें साठ गोल केले. २००९ सालीं आयर्लंडांतील स्लायगो गांवच्या क्लबाकडून शेमस कोलमन साठ हजार पौंडांस आला. तो पुढें कर्णधार झाला व क्लबासाठीं चारशेंहून अधिक सामने खेळला. चिकाटीचें मोल कोणत्याहि करारपत्रांत लिहितां येत नाहीं.

कोणी म्हणेल, ज्यानें पैसा मोजला त्यास फळ मागण्याचा हक्क आहे. श्रम मागण्याचा हक्क आहे, हें आम्हीं मान्य करतों. फळ मात्र हंगामावांचून मागूं नये. एव्हर्टनच्या लॅटिन ब्रीदाचा अर्थ, सर्वोत्तमाखेरीज कांहींहि पुरेसें नाहीं, असा आहे. हें ब्रीद स्वतःस लावावें. नवागताच्या पाठीवर चाबकासारखें ओढूं नये.

आमच्या वर्गांतहि जून महिन्यांत नवीं मुलें येतात. कोणी खेड्यांतील शाळेंतून, कोणी दुसरी भाषा बोलणाऱ्या घरांतून. पहिल्या चाचणीचे गुण हातीं पडतांच कित्येक पालकांचा चेहरा उतरतो, शेजारच्या मुलाशीं तुलना सुरू होते, आणि वर्गबंधु त्या नवागतास ‘ढ’ ठरवून मोकळे होतात. त्यास डिसेंबरपर्यंत थांबण्याइतका धीर आम्हीं दाखवितों काय?

शुभवर्तमानांतील अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांनीं ऐकलेला आहे. धनी झाड तोडावयास निघाला; माळ्यानें आणखी एक वर्ष मागून घेतलें. पण तो माळी नुसता वाट पाहत बसणार नव्हता; भोंवतीं खणून खत घालण्याचें त्यानें पत्करलें. खरी आशा ती हीच. शौकिनांनीं गोल न करणाऱ्यासहि हांक देऊन उठवावें, विद्यार्थ्यांनीं नव्या सोबत्यास आपल्या बांकावर जागा द्यावी, आणि पालकांनीं गुणपत्रिकेपूर्वीं मुलाचे श्रम पाहावे, एवढेंच आमचें सांगणें आहे.