दुखणे अंगावर काढणारे शहर

मार्च २०२० च्या अखेरीस मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित माणसाला दोन आज्ञा एकाच वेळी मिळाल्या. घरात राहा, ही पहिली. आणि प्रसन्न राहा, ही दुसरी. पहिली सरकारने दिली. दुसरी कोणी दिली हे सांगणे कठीण आहे, कारण ती सर्वांनीच सर्वांना दिली. पंतप्रधानांनी २२ मार्चच्या सायंकाळी टाळ्या-थाळ्या वाजवायला सांगितले, ५ एप्रिलच्या रात्री ९ वाजता ९ मिनिटे दिवे लावायला सांगितले. नातलगांनी प्राणायाम सांगितला, मित्रांनी पाककृती पाठवल्या, आणि ज्यांनी उभ्या जन्मात कणीक भिजवली नव्हती त्यांनी घरी भाजलेल्या पावाची छायाचित्रे पाठवली. या हौसेची टिंगल करण्याची आमची इच्छा नाही. चार भिंतींत कोंडलेल्या माणसाने मन रमवण्यासाठी जे केले ते त्याने करायलाच हवे होते. परंतु या प्रसन्नतेच्या आड एक तिसरी आज्ञा उभी होती आणि तिचा उच्चार कोणीच केला नाही. आजारी पडू नका. आणि पडलातच, तर कोणाला सांगू नका. आमचे आजचे लिहिणे या तिसऱ्या आज्ञेविषयी आहे. त्या टाळेबंदीला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला, जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, तरी ती आज्ञा मात्र कोणी मागे घेतलेली नाही.

थंडी सरून उन्हाळा लागण्याचे ते दिवस. दर वर्षी या सुमारास घसा खवखवतो, अंग कसकसते, आणि दर वर्षी आपण आल्याचा चहा घेऊन कामाला लागतो. त्या वर्षी मात्र घसा खवखवला की पोटात गोळा उठे. ‘तोच तर नसेल?’ हा प्रश्न किती घरांत किती रात्री जागला असेल! सकाळी उठल्याबरोबर हिंगाची डबी नाकाशी नेऊन वास येतो की नाही ते पाहणारी माणसे होती. घरच्यांचा डोळा चुकवून दिवसातून सहा वेळा तापमापक लावणारी होती. खोकल्याची उबळ आली की न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, खोकून घेणारीही होती. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला कळू नये, एवढाच हेतू. त्या महिन्यात या शहरात राजरोस ऐकू येणारा खोकला एकच होता: दूरध्वनी लावला की घंटीऐवजी कानी पडणारा सरकारी खोकला.

हा माणूस चाचणी करून मोकळा का झाला नाही, असे आज कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. त्याला चाचणी मिळत नव्हती. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले, ते दुबईहून परतलेले. त्यानंतर कित्येक दिवस चाचणीचा अधिकार परदेशातून आलेल्यांना आणि त्यांच्या सहवासातील लोकांना होता. २० मार्चला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नियम रुंदावले, तेव्हा श्वसनाच्या तीव्र विकाराने रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण त्यांत आले. घरी बसून शंभर-दीड अंश तापाने फणफणलेला, परदेश नकाशातच पाहिलेला कारकून किंवा शिक्षक मात्र त्यांत आला नाही. खासगी प्रयोगशाळांत चाचणीचे कमाल शुल्क साडेचार हजार रुपये ठरले होते, आणि तेथेही डॉक्टरची चिठ्ठी लागे. चाचणीचे साहित्यच मोजके होते. जे होते ते अत्यवस्थ रुग्णांसाठी राखणे भाग होते, हे आम्ही मान्य करतो. तुटवडा हा गुन्हा नव्हे. परंतु ‘आम्हांपाशी साधन नाही, म्हणून तुमचा ताप कोणता ते सांगता येत नाही’ असे नागरिकाला सरळ सांगणे, आणि तुमच्या तापाची नोंदच नसल्यामुळे तो ताप झालाच नाही असे वागणे, यांत फार अंतर आहे. आपल्या शासनाने दुसरा मार्ग पत्करला. रोज सायंकाळी आकडा जाहीर होई. तो आकडा सापडलेल्या रुग्णांचा होता; आपण तो असलेल्या रुग्णांचा समजून कधी धास्तावलो, कधी निश्चिंत झालो.

बरे, चाचणी मिळाली आणि निदान झाले, तर पुढे काय? डाव्या हाताच्या पाठीवर न पुसणारा शिक्का. दारात रुग्णवाहिका आणि गॅलऱ्यांत सगळी आळी. एका माणसाच्या पायी सबंध इमारत सील. सौम्य लक्षणे असलेल्याने घरीच राहावे अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने काढली ती २७ एप्रिलला. तोवर नुसत्या खोकल्याच्या माणसालाही उचलून नेले जाई. मन ‘पॉझिटिव्ह’ असावे आणि अहवाल ‘निगेटिव्ह’ असावा, हा विनोद तेव्हा घरोघर झाला. विनोद बरा होता, पण त्याची खरी खोच कोणी पाहिली नाही. ज्याचा अहवाल तसा आला त्याला प्रसन्न राहण्याचा अधिकार शेजाऱ्यांनी ठेवलाच नव्हता. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावे? त्याने तोंड मिटले, काढा प्यायला, आणि दुखणे अंगावर काढले.

या शहरांना हे नवीन होते असे नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर आकासियू व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्या वर्षी पुण्यात झडतीची पथके घरांत शिरू लागली तेव्हा लोकांनी रोगी दडवले. रँडसाहेबाचे पुढे काय झाले ते महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याच १८९७ साली झालेला साथरोग कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, पुन्हा बाहेर काढला गेला. २०२० च्या अधिकाऱ्यांची तुलना आम्ही रँडशी करीत नाही. ती अन्यायाची होईल. या वेळी गोरा शिपाई माजघरात शिरला नाही. त्याचे काम जिन्यावरच्या शेजाऱ्याने केले, आणि मोबाइलवरून फिरलेल्या नावांच्या याद्यांनी केले. रोगी दडवण्याची बुद्धी मात्र तीच होती, आणि तिचे कारणही तेच: सांगण्यापेक्षा न सांगणे सुरक्षित होते.

‘सौम्य’ या शब्दाचीही या निमित्ताने झडती घ्यायला हवी. चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये ४४ हजारांहून अधिक निश्चित रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला आणि त्यांपैकी ८१ टक्के सौम्य असल्याचे सांगितले. हा आकडा जगभर दिलासा म्हणून फिरला. त्या ८१ टक्क्यांत फुप्फुसाचा दाह झालेले, परंतु तो दाह हलका असलेले रुग्णही धरले होते, ही गोष्ट दिलाशाबरोबर फिरली नाही. डॉक्टरच्या भाषेत प्राणवायू लागला नाही म्हणजे सौम्य. ज्याने आठ दिवस भिंतीला धरून न्हाणीघर गाठले, तो आपल्या दुखण्याला सौम्य म्हणेल काय? शिवाय बरे झाल्यावरही महिनोन्महिने थकवा, धाप आणि विसराळूपणा मागे ठेवणारी अवस्था जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्याख्येत बांधली. आणि पहिले दुखणे साधे असले तरी ती येऊ शकते. वास जाणे, चव जाणे ही लक्षणे आपल्या सरकारी यादीत आली १३ जून २०२० रोजी. हिंगाची डबी हुंगणारी गृहिणी तोवर अडीच महिने यादीच्या पुढे होती.

मग जुलै उजाडला आणि रक्ताने बोलायला सुरुवात केली. नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर व दहिसर या भागांतील तीन प्रभागांत जवळजवळ सात हजार लोकांचे रक्त तपासले. झोपडवस्त्यांत ५७ टक्के, आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांच्या रक्तात रोगाशी झुंजल्याची खूण सापडली. ऑगस्टमध्ये पुण्यातील पाच प्रभागांचा निकाल आला: ५१.५ टक्के. म्हणजे ‘तोच तर नसेल?’ या प्रश्नाचे उत्तर लक्षावधी लोकांच्या बाबतीत ‘तोच होता’ असे होते. त्यांतील बहुतेकांना कधी कोणी विचारले नव्हते, आणि कित्येकांना आपण आजारी असल्याचे कळलेही नव्हते. रोज सायंकाळच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेले शहर स्वतःच्या शरीराविषयी किती अंधारात होते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

५७ आणि १६ या आकड्यांकडे आमच्या वाचकांनी जरा थांबून पाहावे. हा रोग विमानाने आला. पारपत्रे ज्यांच्या कपाटात असतात त्यांच्या सामानाबरोबर आला. पण टाळेबंदी सैल होताच सोसायटीच्या फाटकावर अडवली गेली ती घरकामाला येणारी बाई. तिच्याकडे प्रमाणपत्र मागितले गेले, तिला उद्वाहनातून जाण्यास मनाई झाली. ती जिथून येत होती तिथे दहांतल्या पाच-सहा जणांना रोग शिवून गेला होता, आणि ज्यांना ताप आला त्यांनी तो मुकाट्याने सोसला होता, कारण घरात बसून ‘मला काय झाले असेल’ याचा विचार करण्याची चैन तिथे कोणाला परवडणारी नव्हती. दुखणे अंगावर काढणे ही मध्यमवर्गाची भीती होती. त्यांची ती रीतच आहे.

अनुमानावर जगण्याची किंमत पुढच्या वर्षी मोजावी लागली. २०२० च्या दिवाळीनंतर ‘मला तो मार्चमध्येच होऊन गेला’ असे छातीठोकपणे सांगणारा एकेक गृहस्थ प्रत्येक कुटुंबात निपजला. मार्चमधले पडसे हे त्याचे प्रमाणपत्र. त्या बळावर त्याने तोंडावरची पट्टी हनुवटीवर उतरवली, लग्नांच्या पंगती झोडल्या. काहींचे अनुमान खरेही असेल. परंतु १६ टक्क्यांच्या वस्तीत ते खोटे असण्याचा संभव पुष्कळ अधिक होता, आणि ज्यांचे खरे होते त्यांनाही रोग पुन्हा गाठू शकत होता. १८ एप्रिल २०२१ या एका दिवशी महाराष्ट्रात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. मुंबईत त्या लाटेतील नव्या रुग्णांचा फार मोठा भाग इमारतींत राहणाऱ्यांचा होता. महापालिका हे उघड सांगत होती.

उलट उदाहरणही याच शहरात आहे. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रुग्ण सापडला तेव्हा आता येथे प्रलय होणार, असे भाकीत पुष्कळांनी केले. महापालिकेने तेथे रोगी आपण होऊन येण्याची वाट पाहिली नाही. खासगी दवाखाने चालवणारे स्थानिक डॉक्टर अंगरखे चढवून गल्लोगल्ली फिरले, तापाचे दवाखाने उघडले गेले, आणि संशयितांना शाळांत व क्रीडासंकुलात नेऊन तिथे जेवणाची सोय झाली. दहा बाय दहाच्या खोलीत वेगळे राहणे अशक्य आहे हे प्रशासनाने आधी कबूल केले, म्हणून पुढचा मार्ग सापडला. त्या वर्षी १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा नामोल्लेख केला तो यासाठी. धारावीतही भीती होती, पळापळ होती. पण ‘ताप आहे काय?’ हा प्रश्न तेथे दारात येऊन विचारला गेला, आणि ‘आहे’ म्हणणाऱ्याच्या पोटाची काळजी घेतली गेली. संकटात मन ताठ राहते ते अशा गोष्टींनी. त्यापुढे थाळीचा नाद फार वेळ टिकत नाही.

तेव्हा आमची पहिली सूचना वाचकांनाच आहे आणि ती अमलात आणण्यास सरकारची गरज नाही. घरकामाच्या बाईला ताप आला तर तिने घरी राहावे, पगार कापला जाणार नाही, हे तिला आजच, ती धडधाकट असताना, सांगून टाकावे. घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळही आहे. तापाच्या चार दिवसांचा पगार मात्र अजूनही मालकिणीच्या मर्जीवर आहे.

दुसरी मागणी कायद्याची आहे. एचआयव्हीबाधितांसाठी संसदेने २०१७ साली कायदा केला. त्यात संमतीविना रोग्याची ओळख फोडण्यास मनाई आहे. नोकरी, शिक्षण आणि राहते घर यांत त्याच्याशी भेदभाव करण्यास मनाई आहे. १८९७ च्या साथरोग कायद्यात रोग्यासाठी असे एक अक्षर नाही. आरोग्य खात्याला नाव कळू नये असे आम्ही म्हणत नाही. खात्याला ते कळलेच पाहिजे. सोसायटीच्या फलकावर आणि मोबाइलवर ते येता कामा नये, आणि आणणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे. या जुन्या कायद्याला दुरुस्ती जोडणे अवघड नाही. डॉक्टर व परिचारिकांवर हल्ले करणाऱ्यांसाठी ती २०२० मध्येच, एप्रिलात अध्यादेश काढून, जोडली गेली, आणि ती योग्यच होती. महाराष्ट्राचे ४८ प्रतिनिधी लोकसभेत बसतात. त्यांपैकी एकाने तरी हे विधेयक खासगी म्हणून येत्या अधिवेशनात मांडावे. मसुदा करण्यासाठी फार शोधाशोध नको. २०१७ च्या कायद्याची प्रत त्यांच्याच ग्रंथालयात आहे.