चुकलो तर हसतील!

नात्यातला एक मुलगा परवा नोकरीच्या मुलाखतीहून परतला. इंजिनिअरिंगची पदवी, गुण उत्तम. पण 'स्वतःविषयी सांगा' म्हटल्यावर पाठ केलेली चार इंग्रजी वाक्ये संपली आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. 'सगळं कळत होतं काका, बोलताच येईना,' तो म्हणाला.

महाराष्ट्रात २००० साली सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. ती पहिली तुकडी २०१० मध्ये दहावी झाली. आज ती मुले तिशीत आहेत. इंग्रजी लवकर आले, पण धास्ती गेली नाही. कारण ती धास्ती भाषेची नव्हतीच.

टेक्सास विद्यापीठातील इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ही धास्ती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. बोलण्याचा संकोच, परीक्षेची भीती आणि लोक काय म्हणतील याची चिंता, असे तिचे तीन धागे त्यांनी दाखवले. गंमत म्हणजे, त्यांच्यासमोरचे विद्यार्थी स्पॅनिश शिकणारे अमेरिकी होते. ज्यांच्या इंग्रजीपुढे आपण बिचकतो, त्यांचीही परक्या भाषेत बोबडी वळते!

आपल्याकडे या तीन धाग्यांना चौथा जोडला जातो, प्रतिष्ठेचा. इंग्रजी अडखळले की माणसाची अक्कलच कमी ठरते. बँकेत असताना बढतीच्या एका मुलाखतीत मी परीक्षक होतो. समोरच्या गृहस्थांचा थकीत कर्जाच्या वसुलीत हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी एका इंग्रजी शब्दाचा उच्चार चुकवला, आम्ही तिघे परीक्षक किंचित हसलो. पुढे ते बोललेच नाहीत. बढती हुकली. ते हसू मला अजून टोचते.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर राज्यात वादळ उठले आणि जूनअखेर सरकारने शासननिर्णय मागे घेतले. भाषा किती आणि कितवीपासून, यावर आपण तावातावाने भांडलो, आणि भांडायला हवेच होते. पण वर्गात मूल तोंड उघडते का, चुकले तर काय होते, हे कोणी विचारले नाही. परीक्षेचा भार लेखी उत्तरांवर असेल, तर बोलण्याचा सराव होणार कधी?

एखादा परदेशी पाहुणा 'मी जेवण खाल्ला' म्हणाला, तर आपण कौतुकाने टाळ्या वाजवतो. आपलेच पोर इंग्रजीत तसे चुकले, तर मात्र घरभर हशा पिकतो. त्यातली निम्मी टाळी त्याला मिळाली, तरी पुष्कळ होईल.