एक कप धणे म्हणजे किती ग्रॅम?

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच वर्षी मी घरी गोडा मसाला करायचा घाट घातला. आईने फोनवर प्रमाण सांगितलं: पाव किलो धणे, जिरं आणि तीळ पन्नास-पन्नास ग्रॅम, लवंग-दालचिनी दहा-दहा ग्रॅम, वगैरे. माझ्याकडे वजनकाटा नव्हता. इथला स्वयंपाक मुख्यतः मापाच्या कपाने चालतो आणि तो कप असतो सुमारे २३७ मिलिलिटरचा. लगेच माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. २३७ मिलिलिटर म्हणजे २३७ ग्रॅम, म्हणजे पाव किलोला एक कप. झालं!

त्या मसाल्याची आमटी म्हणजे लवंगांचा काढा होता.

चूक अगदी शाळकरी होती. पाण्याचा हिशोब मी धण्यांना लावला. धणे पोकळ आणि हलके, शिवाय दाण्यादाण्यांमध्ये हवा. कपात मावतात साधारण ८० ग्रॅम. जिरं ९५ च्या आसपास, तीळ १४५, मेथी तर १७५. म्हणजे धणे तीन कप हवे होते, मी घातला एक. लवंग-दालचिनी मात्र ५० ग्रॅमच्या पुडीतला पाचवा हिस्सा, म्हणजे बरोब्बर पडली!

तुम्ही म्हणाल, आता नेटवर तक्ते मिळतात की. मिळतात, पण तोच कप जरा आपटून भरला की आकडा बदलतो, दाणे भरडले की पुन्हा बदलतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: दाण्यांच्या बाबतीत वजनाचं माप करत बसू नये, सरळ काटा घ्यावा.

याचा अर्थ कप वाईट असा नाही. फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ च्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात काठोकाठ सपाट भरलेल्या कपाचा आग्रह धरला, तो अंदाजपंचेपेक्षा बराच होता. आपली वाटीही चालते, कारण सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले जातात. पंचाईत होते ती वाटी घर सोडून परगावी निघाली की. तुमची वाटी केवढी, हे परदेशातल्या मुलाला कुठे माहीत?

पुढच्या भारतवारीत मी आईच्या मेतकुटाची डाळ, तांदूळ, मेथी, सगळं तिच्याच वाटीत भरून काट्यावर तोललं आणि वहीत लिहून घेतलं. ती हसत होती. "अरे, वाटीला वाटी, एवढं सोपं आहे," म्हणाली.

आज आई नाही. वाटी बहिणीकडे आहे. मी मेतकूट करतो ते त्या वहीवरून, आणि चव जमते.

तेव्हा तुमच्या घरी अशी एखादी वाटी असेल, तर ती एकदा काट्यावर ठेवाच. मुलांनी विचारायची वाट पाहू नका.