रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला म्हणजे सुटलो, असं नाही

शेजारच्या काकांना दोन महिने खोकला. एक्स-रेत डाग. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी 'टीबीच असणार' म्हणून गोळ्या सुरू झाल्या. मग थुंकीची सायटॉलॉजी झाली. कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. घरात पेढे वाटायचेच बाकी होते! डॉक्टर बायोप्सी सुचवत होते, पण सगळे एका सुरात म्हणाले, "सुई लावली की पसरतं." चार महिन्यांनी बायोप्सी झालीच. कॅन्सर निघाला.

सायटॉलॉजीत सुट्या पेशी बघतात. थुंकीतल्या, छातीत साठलेल्या पाण्यातल्या किंवा बारीक सुईने ओढलेल्या, म्हणजे एफएनएसी. त्रास कमी, खर्च कमी, रिपोर्ट लवकर. कॅन्सरच्या पेशी स्पष्ट दिसल्या तर ते निदान बहुतेक वेळा खरं ठरतं. पण दिसल्या नाहीत म्हणजे कॅन्सर नाहीच, असं नाही. गाठ फुफ्फुसाच्या कडेला असेल तर तिच्या पेशी थुंकीत अनेकदा येतच नाहीत.

बायोप्सीत तुकडा घेतात. सुट्या विटा बघणं वेगळं आणि भिंत बघणं वेगळं. कॅन्सर कोणत्या प्रकारचा, की टीबीची गाठ, हे भिंतीवरून जास्त नीट कळतं. ईजीएफआर, एएलके या तपासण्यांनाही पुरेसा नमुना लागतो, आणि कोणतं औषध लागू पडेल हे त्यावर ठरतं.

बायोप्सीला धोका नाही असं मी म्हणत नाही. फुफ्फुसाबाहेर हवा साठू शकते, थोडं रक्त येऊ शकतं, काहींना नळी टाकावी लागते. पण सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं अगदी दुर्मिळ. उशीर मात्र नक्की महागात पडतो. प्रत्येक डागाला बायोप्सी लागत नाही हेही खरं. टीबीसाठी आधी थुंकीची सीबीनॅट व्हायलाच हवी.

आता खरा मुद्दा. सीटी मशीन आलं की फीत कापतात, फोटो येतात. त्या मशीनवर बघून सुई घालणारा रेडिओलॉजिस्ट आहे का? काच तपासणारा पॅथॉलॉजिस्ट आहे का? हे कोण विचारतं? जिल्ह्याच्या ठिकाणी ही सोय नसेल तर गरिबाने पुण्या-मुंबईच्या चकरा मारायच्या, आणि तेवढ्यात आजार पुढे जातो.

पुढच्या वेळी नेते मतं मागायला आले की हे विचारा. आणि घरात कुणाचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही डाग तसाच असेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: "मग हा डाग कशाचा?" उत्तर मिळेपर्यंत पिच्छा सोडू नका.