छातीवरचा दाब मोबाइल कसा तपासणार?

‘घरबसल्या तासाभरात सीपीआर प्रमाणपत्र’ अशा जाहिराती सध्या मोबाइलवर धडाधड येत आहेत आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरातील अॅक्युपंक्चर, फिजिओथेरपी, दातांचे दवाखाने चालवणारेच त्यांचे गिऱ्हाईक आहेत. व्हिडिओ पाहायचा, चार प्रश्नांची उत्तरे टिचकवायची, पैसे भरायचे, प्रमाणपत्र भिंतीवर. रुग्णांच्या जिवाशी चाललेला हा प्रकार थांबलाच पाहिजे.

प्रौढ माणसाचे हृदय बंद पडले तर सीपीआर देताना छातीच्या मध्यभागी किमान पाच सेंटीमीटर खोल दाब द्यावा लागतो, तोही मिनिटाला १०० ते १२० वेळा. पाच सेंटीमीटर! बरगडी मोडेल या धास्तीने नवख्याचा हात अलीकडेच थबकतो आणि दोन मिनिटांत भरून येतो. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, घाम गाळल्याशिवाय हे अंगवळणी पडत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अभ्यासक्रमातही धडे ऑनलाइन घेता येतात, पण प्रत्यक्ष दाब देऊन दाखवल्याखेरीज प्रमाणपत्र हाती पडत नाही. मग आपल्याकडे ही सवलत कशासाठी?

अॅक्युपंक्चरवाल्यांचे काम तर आणखी अवघड. सुई टोचताच भोवळ येणारे रुग्ण त्यांना नवे नाहीत. ती नुसती भोवळ की श्वासच थांबला, हे दहा सेकंदांत ठरवायचे असते. छातीत खोल गेलेली सुई क्वचित फुप्फुसालाही इजा करते. अंगावर सुया असलेला रुग्ण मऊ गादीवर निपचित पडला, तर छातीवरच्या सुया कोणी काढायच्या, त्याला कठीण पृष्ठभागावर कसे घ्यायचे, १०८ला फोन कोणी लावायचा, याची रंगीत तालीम दवाखान्यातच व्हायला हवी.

महाराष्ट्राने अॅक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा केला, परिषद नेमली. २०१९मध्ये केंद्रानेही मान्यता दिली. मान्यतेबरोबर जबाबदारीही येते. परिषदेने नोंदणीसाठी मॅनिकिनवरच्या परीक्षेची अट घालावी आणि दर दोन वर्षांनी ती पुन्हा घ्यावी.

डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने देशभर ऑनलाइन सीपीआर जागृती केली, ती सामान्य लोकांसाठी चांगलीच होती. परंतु रुग्णाकडून पैसे घेणाऱ्याला जागृती पुरत नाही.

प्रशिक्षणासाठी मुंबईला जायला दिवस मोडतो, ही सबब आता चालणार नाही. अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे. तिथल्या भूलतज्ज्ञांनी महिन्यातून एक रविवार दिला तरी तिन्ही शहरांतील दवाखाने शिकून निघतील.

सीपीआरविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते आणि संध्याकाळच्या कोंडीत रुग्णवाहिकेला अंबरनाथहून बदलापूर गाठायला किती मिनिटे लागतात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सीपीआरच्या जोडीला लागणारे, हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र आपल्या रेल्वे स्थानकात कुठे आहे, हे किती प्रवाशांना सांगता येईल? रेल्वेने आणि तिन्ही पालिकांनी ही यंत्रे बसवून त्यांच्या जागा मोठ्या मराठी पाट्यांवर जाहीर कराव्यात.

— एक वाचक, बदलापूर (पूर्व)